लहान मुलांच्या आतड्याच्या दाहाचे निदान कोलोनोस्कोपी न करता होऊ शकते का?

आपल्या ११ वर्षांच्या मुलीचे पोट वर्षभर दुखते आहे, वजन वाढत नाही, शौचाच्या तपासणीत कॅलप्रोटेक्टिन ६०० च्या पुढे आले आहे आणि डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठे आतडे पाहण्याची तपासणी, सुचवली आहे. ती टाळून निदान होईल का आणि सांगली-मिरजेत ही सोय आहे का, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट आहे: होणार नाही, आणि ती टाळू नये.

कॅलप्रोटेक्टिन हे पांढऱ्या पेशींतले प्रथिन आहे. चार वर्षांपुढच्या मुलांत ते ग्रॅममागे साधारण ५० मायक्रोग्रॅमच्या आत असावे लागते आणि २५० च्या वर गेले की आतड्याला खरोखर सूज असल्याचा संशय बळावतो. मात्र ती सूज क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या दीर्घकाळ चालणाऱ्या दाहांची, आतड्याच्या टीबीची की साध्या जंतुसंसर्गाची, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ते आतडे डोळ्यांनी पाहून आणि त्याच्या आतल्या अस्तराचा बारीक तुकडा काढून तपासूनच कळते.

हे मी इतक्या ठामपणे लिहिते, कारण आमच्या घरात याच एका गोष्टीवरून जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही. आम्ही तासगाव तालुक्यातले. माझे मोठे दीर औषधांचे दुकान चालवतात, त्यामुळे घरात कोणाला काही झाले की भाऊजींचा शब्द अखेरचा मानला जातो. माझ्या मुलाला सहावीत असताना जेवल्यावर पोटात कळ यायची, तोंडात वरचेवर फोड यायचे, अधूनमधून बारीक ताप असायचा. भाऊजींनी आधी जंतांचे औषध दिले, मग आव म्हणून मेट्रोनिडाझोल दिले, आणि थोडे बरे वाटून पुन्हा दुखू लागले की तेच औषध पुन्हा दिले. जुलाब फारसे नव्हते आणि रक्तही दिसत नव्हते, म्हणून कोणी मनावर घेत नव्हते. मला मात्र दिसत होते की सहावीचा गणवेश त्याला आठवीतही होतो आहे आणि दोन वर्षांनी लहान असलेली बहीण उंचीने त्याच्या पुढे गेली आहे. मी हे बोलले की, आपल्या घरात सगळे उशिराच वाढतात, असे उत्तर मिळे.

शेवटी एका बालरोगतज्ज्ञांनी शाळेच्या नोंदींतली उंची आणि वजन वाढीच्या आलेखावर मांडून दाखवले, तेव्हा वर चढत जाणारी रेषा एके ठिकाणी आडवी झालेली सर्वांना दिसली. क्रोन्समध्ये मुलाची वाढ खुंटणे हे पोटाच्या तक्रारींच्याही आधी दिसू शकते, हे मला त्या दिवशी समजले. हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन कमी होते, प्लेटलेट वाढलेले होते, आणि सोनोग्राफीत लहान आतड्याचा शेवटचा भाग जाड दिसत होता. त्यावर भाऊजी म्हणाले, "हा टीबीच आहे, सहा महिन्यांचे औषध सुरू करू, एवढ्याशा पोरात नळी कशाला घालायची?" सासरे त्यांच्याच बाजूचे होते, यजमान गप्प होते. मी नाही म्हणाले आणि मुलाला पुण्याला बालपोटविकारतज्ज्ञांकडे नेले.

तिथे भूल देऊन एकाच वेळी वरून एन्डोस्कोपी आणि खालून कोलोनोस्कोपी झाली, लहान आतड्याच्या टोकापर्यंत दुर्बीण नेली, आणि जिथे आतडे निरोगी दिसत होते तिथूनही तुकडे घेतले. तेच तुकडे टीबीचे जंतू शोधणाऱ्या जीनएक्स्पर्ट तपासणीलाही पाठवले. पुढे उरलेल्या लहान आतड्यासाठी एमआरआय झाला. निदान क्रोन्सचे निघाले. मुलाला या सगळ्यात सर्वांत नकोसे झाले ते आदल्या दिवशीचे पोट साफ करण्याचे औषध. दुर्बिणीचे त्याला काही आठवतही नाही. उपचाराची सुरुवात स्टेरॉइडने न करता काही आठवडे फक्त पोषक द्रवाहारावर ठेवून झाली, आणि त्यानंतर उंचीची रेषा पुन्हा वर वळली.

भाऊजी अजूनही म्हणतात की टीबीचे औषध देऊन पाहिले असते तर काय बिघडले असते. बिघडले असते ते असे, की क्रोन्सच्या काही रुग्णांना त्या औषधांनीही तात्पुरते बरे वाटते, आतड्यातले व्रण, म्हणजे जखमा, मात्र तशाच राहतात, आणि मुलाच्या वाढीचे मोजकेच महिने त्यात जातात. याच्या उलट चूकही तितकीच वाईट आहे: टीबी असताना क्रोन्स समजून स्टेरॉइड दिले, तर टीबी पसरतो. म्हणून तपासणीआधी दोन्हींपैकी काहीही सुरू करू देऊ नका, सांगणारा घरातला कितीही वडीलधारा असो.

सोयीबद्दल म्हणाल, तर १८९४ साली डॉ. वॉन्लेस यांनी मिरजेत रुग्णालय काढले तेव्हापासून कर्नाटकातूनही रुग्ण मिरजेत येतात आणि दुर्बिणीची तपासणी शहरात होते. परंतु लहान मुलांची तपासणी नेहमी करणारे डॉक्टर आणि मुलांना भूल देण्याचा सराव असलेले भूलतज्ज्ञ आहेत का, हे आधी विचारून घ्यावे. नसतील तर सरळ पुणे गाठावे.

मी डॉक्टर नाही, हेही सांगितले पाहिजे. मुलांच्या बहुतेक पोटदुखीत आतड्याला सूज नसतेच, आणि संसर्गाने किंवा आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनीही कॅलप्रोटेक्टिन वाढते. त्यामुळे मुलीला अलीकडे जुलाब झाले असतील किंवा अशी गोळी दिली असेल, तर डॉक्टरांना सांगून ती तपासणी पुन्हा करून घ्यावी. तुकडे तपासूनही टीबी आणि क्रोन्स यांत निवाडा होत नाही, असेही आपल्याकडे घडते. तेव्हा तज्ज्ञ स्वतःच टीबीचे औषध सुरू करतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीने व्रण भरले का ते पाहतात. तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो, त्याला माझा विरोध नाही. जाताना मुलीच्या शाळेतल्या उंची-वजनाच्या सगळ्या जुन्या नोंदी बरोबर न्याव्यात.