आधी काटा, मग ब्लेंडर

प्रश्न: मॅडम, मी कोल्हापुरात फुलेवाडीत राहते. वर्षभर घरी कोरफडीचं क्रीम करून बहिणी-मैत्रिणींना देते. एका वेळी २०० ग्रॅम करते, टिकायला अर्धा छोटा चमचा सोडियम बेन्झोएट घालते. आता बचत गटातल्या बायका म्हणतात, दिवाळीला ६० डब्या विकायला कर. सामानासाठी १५ हजार साठवलेत. दुकानदार म्हणतो होमोजिनायझर, म्हणजे क्रीम एकजीव करणारं मोठं यंत्र घ्या, त्यात सगळेच पैसे जातात. आमचे हे म्हणतात, घरचा मिक्सर आहे की. नेमकं काय घेऊ?

उत्तर: ताई, होमोजिनायझर आत्ता अजिबात घेऊ नका. पहिले पैसे वजनकाट्यात घाला. तुमचा 'अर्धा छोटा चमचा' वाचला आणि मला माझंच एक क्रीम आठवलं.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते, तरी घरी क्रीम करताना स्वयंपाकघरातला काटा वापरला, एकेक ग्रॅमनं पुढं सरकणारा. पावसात पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला होता त्या आठवड्यात भाचीनं डबी परत आणली. झाकणाच्या आतल्या कडेला मोहरीएवढे हिरवट-काळे ठिपके, उघडल्यावर खवट लोण्याचा वास. ते क्रीम ती बाळाच्या गालांना लावत होती. बाळाला काही झालं नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

हिशोब बघा. २०० ग्रॅमला अर्धा टक्का बेन्झोएट म्हणजे १ ग्रॅम. तसल्या काट्यावर '१' दिसलं तरी आत अर्धा ग्रॅम असेल नाहीतर दीड. शिवाय चिमूट-चिमूट घातलं तर बरेच स्वस्त काटे ती हळू वाढ मोजतच नाहीत, परत शून्यावर येतात. म्हणून पावडर वेगळ्या छोट्या वाटीत मोजायची आणि मग क्रीममध्ये ओतायची.

काटा ०.०१ ग्रॅम दाखवणारा, ५००-६०० ग्रॅम पेलणारा घ्या. गुजरीत सराफांच्या पेढीवर असतो तसला. सोबत प्रमाणित वजन मागून घ्या आणि दर आठवड्याला ते ठेवून बघा. काटा कडाप्प्याच्या ओट्यावर ठेवा आणि मोजताना पंखा बंद करा, नाहीतर शेवटचा आकडा नाचत राहतो. गरम बीकरही त्यावर ठेवू नका, वजन चुकीचं येतं. पुढं विक्रीचा माल ज्या काट्यावर मोजाल, त्यावर वैधमापन विभागाचा पडताळणीचा शिक्का लागतो, तेव्हा घेतानाच दुकानदाराला तसं विचारा.

दुसरी खरेदी पीएच मीटर, म्हणजे क्रीम किती आम्ल आहे ते दाखवणारं; आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त. तुमच्या बाबतीत ते काट्याइतकंच महत्त्वाचं आहे, कारण सोडियम बेन्झोएट आम्लातच काम करतं. क्रीमचा पीएच ५ च्या वर गेला की त्याचा जोर झपाट्यानं उतरतो. म्हणजे वजन अचूक असूनही बुरशी येऊ शकते. पेनासारखं मीटर पुरे, पण ४ आणि ७ चं बफर, म्हणजे पीएच ठरलेली द्रावणं घ्या आणि वापरण्याआधी दोन्हींत बुडवून आकडा जुळवून घ्या. क्रीममध्ये ते थेट खुपसू नका, मीटरच्या टोकाच्या काचेच्या फुग्याला ते चिकटून बसतं. १ ग्रॅम क्रीम ९ ग्रॅम डिस्टिल्ड वॉटरमध्ये कालवून मोजा. काम झाल्यावर फुगा पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ओला ठेवायचा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये नाही. जुनं मीटर स्वस्तात मिळालं तरी नको, त्याच्या मोजणाऱ्या टोकाचं, इलेक्ट्रोडचं, आयुष्य बहुतेक वेळा संपत आलेलं असतं. परवडत नसेल तर ४ ते ७ एवढ्याच पल्ल्याच्या पट्ट्या घ्या. १ ते १४ वाल्या पट्टीवर ५ आणि साडेपाच यांतला फरक कळत नाही.

आता मिक्सर. यजमानांचं निम्मं बरोबर आहे, मोठं यंत्र नको. पण मिक्सरच्या भांड्यात हवा शिरते आणि क्रीम फेसाळतं. स्टीलच्या दांड्याचा हँड ब्लेंडर घ्या, तो फक्त क्रीमसाठी ठेवा. तेलाचा आणि पाण्याचा भाग वेगवेगळा ७० ते ७५ अंशांपर्यंत तापवा, एकत्र करा, ब्लेंडरचं डोकं तिरकं बुडवून आतली हवा आधी बाहेर जाऊ द्या आणि मगच बटण दाबा. किलोभर क्रीम असं छान होतं. तापमानासाठी सळईचा डिजिटल थर्मामीटर घ्या, पाऱ्याचा नको, फुटला तर पारा क्रीममध्ये.

बीकर बोरोसिलिकेट काचेचे चारच बास. त्यांच्यावरच्या रेघा अंदाजाच्या असतात, म्हणून पाणीसुद्धा ग्रॅममध्येच मोजा. मोठं स्टीलचं भांडं लागलं तर उद्यमनगरात करून मिळेल, पण बिलावर स्टीलची ३०४ ग्रेड लिहून घ्या. लोहचुंबक चिकटत नाही म्हणजे ३०४ असं नाही, हलक्या २०२ लाही तो सहसा चिकटत नाही.

राहिल्या दिवाळीच्या ६० डब्या. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधनं करायची तर २०२० च्या प्रसाधन नियमांप्रमाणे अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. त्यात जागेच्या आणि यंत्रांच्याही अटी आहेत. होमोजिनायझर थांबवा म्हटलं ते यासाठीही. त्या अटी बघितल्याशिवाय मोठ्या यंत्राला हात लावू नका. परवाना असलेल्या कारखान्यात स्वतःचा माल करून घ्यायला 'लोन लायसन्स'ही मिळतं, त्याची चौकशी आधी करा. या दिवाळीला बायकांना नाही म्हणून सांगा. परवान्याचं होईपर्यंत २०० ग्रॅमच्या दोन-चार बॅच नव्या काट्यावर करा, डब्यांवर तारीख घाला आणि एकेक डबी पावसाळाभर कपाटात ठेवून महिन्याला उघडून बघा.