पासिंग कुठे, कधी आणि गाडी नेमकी कशावर अडते?

यावेळच्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं गाडीच्या पासिंगचीच आहेत, म्हणजे आरटीओकडून गाडी तपासून फिटनेस सर्टिफिकेट घेण्याची. पावसाळा सरला की आपल्याकडे हे होतंच, कारण गाड्यांचे पत्रे उघडे पडलेले असतात आणि कागदांच्या तारखाही तेव्हाच आठवतात. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतोय.

माझी 2019 ची रिक्षा आहे, मार्चमध्ये घेतलेली. पासिंगला मंडणगडहून रत्नागिरीला जायचं म्हणजे धंद्याचा दिवस गेलाच. जवळ कुठे होत नाही का? आणि हे दरवर्षी करायचं की वर्षाआड? एक एजंट म्हणतो गाडी आणू नका, कागद द्या, काम होईल.
— एक रिक्षावाले, मंडणगड

आधी जवळच्या जागेचं सांगतो. रत्नागिरी जिल्ह्याचं आरटीओ रत्नागिरीत, म्हणजे एमएच 08, सिंधुदुर्गवाल्यांचं ओरोसला एमएच 07, आणि रायगडवाल्यांचं पेणला एमएच 06, पनवेलची बाजू एमएच 46. पण ही ऑफिसं तालुक्याच्या ठिकाणी ठराविक दिवशी कॅम्प लावतात, इन्स्पेक्टर तिकडे येतात. कॅम्पच्या तारखा आरटीओच्या बोर्डावर लागतात, त्यामुळे तुमच्याच तालुक्यातल्या एखाद्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्याला विचारलंत तर तो तोंडपाठ सांगेल. मात्र कोणत्या कॅम्पला कोणतं काम होणार आहे, नुसती लायसन्सं की गाड्यांचं पासिंगपण, हे आधी विचारूनच निघा, नाहीतर रिक्षा घेऊन जाल आणि तिथे लर्निंग लायसन्सची रांग असेल.

अर्ज परिवहनच्या साइटवर करायचा. वाहन पोर्टल उघडायचं, गाडी नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकायचे, फिटनेसचा अर्ज निवडायचा, फी भरायची आणि तारीख घ्यायची. मोबाइलवरून जमतं, नाहीच जमलं तर सेतूवाला किंवा सायबर कॅफेवाला करून देतो. जाताना इन्शुरन्स, पीयूसी, परमिट आणि टॅक्स चालू आहे ना हे बघा. एखादं ई-चलन बाकी राहिलं असेल तर तेही आधी मिटवलेलं बरं. तुमची रिक्षा 1 एप्रिल 2019 च्या आधीची आहे, म्हणजे एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरपाटी, बसवून घेणं आलंच.

वर्षाचा हिशोब सोपा आहे. धंद्याची गाडी नवीन असताना पहिलं फिटनेस दोन वर्षांचं, मग गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, आणि आठ वर्षं झाली की दरवर्षी. तुमची रिक्षा 2027 च्या मार्चमध्ये आठ वर्षांची होते, तिथून पुढे वर्षाला एकदा.

तारीख चुकली तर दिवसाला 50 रुपये असा जादा आकार केंद्राच्या नियमात आहे, ज्याच्याविरुद्ध रिक्षावाल्यांनी मोठं आंदोलन केलं होतं आणि 2024 मध्ये राज्य सरकारने त्याला स्थगिती दिली. तरीपण तारीख सोडू नका, कारण फिटनेस संपलेली धंद्याची गाडी कायद्याच्या नजरेत रजिस्ट्रेशन नसलेली गाडी धरली जाते. त्यात पॅसेंजर बसलेले असताना काही झालं तर इन्शुरन्स कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळतं.

आणि एजंटचं म्हणाल तर अर्ज भरायला, रांग सांभाळायला एजंट घ्या, त्याचे पैसे द्या, त्यात काही वावगं नाही. पण गाडी न दाखवता पासिंग करून देतो म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका, ते बेकायदा तर आहेच, शिवाय तुमचे ब्रेक कुणी बघितलेच नाहीत याचे पैसे तुम्ही भरताय.

हर्णै बंदरातून मासे भरून आमचा पिकअप कऱ्हाडपर्यंत जातो. यावेळी पासिंगला नापास केला. म्हणे खालून गंजलाय आणि ब्रेक एका बाजूला ओढतोय. गाडी तर मस्त पळते. मुद्दाम अडवतात का?
— एक टेम्पोमालक, दापोली तालुका

पळते मस्त हो, पण थांबते कशी ते बघायचं असतं. दापोलीहून कऱ्हाड म्हणजे कुंभार्ली घाट आलाच, तोही भरलेल्या गाडीने, आणि येताना उतार. ब्रेक एका बाजूला ओढतोय याचा अर्थ एका चाकाला पकड आहे आणि दुसऱ्याला नाही. कोरड्या सरळ रस्त्यावर स्टिअरिंग जरा घट्ट धरलं की कळत नाही, पण ओल्या वळणावर गाडी आडवी होते.

मासळीच्या गाडीचा शत्रू म्हणजे बर्फाचं पाणी. ते खारट पाणी हौद्याच्या फटीतून खाली गळतं, चेसिसवर, स्प्रिंगच्या पाट्यांवर, ब्रेकच्या पाइपांवर पडतं आणि तिथेच सुकतं. वर समुद्राची हवा, जांभ्याची धूळ आणि चार महिन्यांचा पाऊस. पत्रा वरून रंगवलेला आणि आतून पापड, अशी गत होते. एकदा गाडी रॅम्पवर चढवून मागच्या ॲक्सलकडे जाणारी लोखंडी ब्रेक पाइप बघा, क्लॅम्पच्या खाली जिथे पाणी साचून राहतं तिथे ती फुगलेली, खवले सुटलेली दिसेल. जोरात ब्रेक मारला की फुटते ती बरोब्बर तिथेच. लायनर बदलून उपयोग नाही, पाइप आणि व्हील सिलिंडर दोन्ही बघून घ्या, बहुतेक एका बाजूचा सिलिंडर जाम असणार, ओढण्याचं कारण तिथेच सापडेल. हँडब्रेकपण तपासा, मासळीच्या गाड्यांत त्याची केबल गंजून अडकलेली असते आणि कुणी ती ओढून बघतच नाही.

पासिंगच्या आदल्या दिवशी खालून काळा रंग मारून नेणारे खूप आहेत. इन्स्पेक्टर काय काल आलेले नसतात, स्क्रूड्रायव्हर टोचून बघतात आणि तो आरपार गेला की विषय संपला. गंजलेला भाग कापून नवीन पत्र्याचं वेल्डिंग करा, मग प्रायमर, मग कोटिंग. आणि रोज गाडी रिकामी झाली की खालून गोड्या पाण्याने मारायची, खर्च शून्य आणि चेसिसचं आयुष्य वाढतं. गळणारं पाणी टाकीत धरायची सोय करा. ते रस्त्यावर सांडून मागचे बाइकवाले घसरतात हे आपण सगळेच बघतो.

यादीत बाकी काय असतं तेही सांगतो, म्हणजे दुसऱ्या फेरीला अडणार नाही. हेडलाइट, इंडिकेटर, ब्रेकलाइट, रिफ्लेक्टर आणि मालगाडीला लागणारी रिफ्लेक्टिव्ह टेप, आरसे, हॉर्न, वायपर, काचा, सायलेन्सर, स्पीडोमीटर, स्टिअरिंगचा प्ले म्हणजे ढिलेपणा. हेडलाइटचा झोत गाडीला जास्तीचे पाटे घालून मागून उचलली की बदलतो, तोपण सेट करून घ्या. टायरच्या खाचेत जो छोटा उंचवटा असतो, त्याच्या बरोबरीला रबर आलं की टायर संपला, पिकअपसारख्या गाडीला 1.6 मिलीमीटर खाच तरी शिल्लक हवी.

मुद्दाम अडवतात का, याचं उत्तर असं की मोटार वाहन कायद्याच्या कलम 56 मध्येच लिहिलंय, फिटनेस नाकारलं तर कारणं लेखी द्यायची. तोंडी ‘नापास’ ऐकून परत येऊ नका, कागद मागा. तो कागद गॅरेजवाल्याच्या हातात दिला की कामपण नेमकं होतं, आणि पुढच्या वेळी नवीनच काहीतरी काढलं तर तुमच्याकडे दाखवायला पुरावा असतो. आता हळूहळू हे काम मशीनवर चाललंय, ऑटोमेटेड टेस्टिंग स्टेशनचे नियम 2021 मध्ये आले. तिथे ब्रेक रोलरवर मोजतात, डाव्या-उजव्या चाकातला फरक आकड्यात येतो, त्यामुळे ‘साहेब बघा ना जरा’ चालत नाही. माझ्या मते हे चांगलंच आहे.

2009 ची डिझेल कार आहे. व्हॉट्सॲपवर आलंय की 15 वर्षांच्या गाड्या भंगारात घालणार. आमची गावात फक्त बाजाराला आणि दवाखान्याला लागते. आरसीची तारीख गेल्या वर्षीच संपली. आता काय?
— एक वाचक, गुहागर

भंगारात घालायची नाही. डिझेलला 10 आणि पेट्रोलला 15 वर्षं हा प्रकार दिल्ली आणि आसपासच्या एनसीआर भागातला, तिथल्या हवेमुळे. ते फॉरवर्ड फिरत फिरत गुहागरात पोचतं आणि लोक चांगल्या गाड्या मातीमोलाने विकतात. आपल्याकडे 15 वर्षं झाली की गाडी तपासून रजिस्ट्रेशन पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून मिळतं, पाच वर्षांनी परत तेच. 15 वर्षांनंतर नूतनीकरण बंद आहे ते सरकारी गाड्यांचं, 1 एप्रिल 2023 पासून.

पण तुमची तारीख गेलीय आणि तिथे पैसे जातात. 1 एप्रिल 2022 पासून जुन्या कारच्या नूतनीकरणाची फी 5000 रुपये आहे आणि बाइकची 1000. उशिराचे कारला महिन्याला 500 आणि बाइकला 300. म्हणजे वर्षभर उशीर झाला की कारचे 6000, मूळ फीपेक्षा जास्त. पर्यावरण कर त्याहून वेगळा. आणि गाडी 20 वर्षांच्या पुढे गेली की ऑगस्ट 2025 च्या नियमाने फी दुप्पट, कारला 10,000 आणि बाइकला 2000. अर्ज फॉर्म 25 वर, तारीख संपायच्या आधी 60 दिवसांपासून करता येतो. तुमच्यासाठी ती वेळ गेली, इतरांनी आजच आरसी काढून बघा. तुमची गाडी आता चालवत नेऊ नका, रजिस्ट्रेशन संपलेली गाडी रस्त्यावर आणणं हाच गुन्हा आहे, टोइंग करून न्या किंवा जवळच्या कॅम्पला दाखवता येईल का विचारा.

एक गोष्ट मात्र घरीच बघा. रजिस्ट्रेशनच्या वेळी चेसिस नंबरची छाप लागते, नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतात ती. आपल्याकडे गाडी अंगणात माडाखाली वर्षानुवर्षं उभी असते आणि नंबर कोरलेल्या जागी नेमका गंज धरतो. घासायला गेलं की आकडे उमटत नाहीत, आणि इथे गाडी दिवसचे दिवस अडकते. आधीच जागा शोधा, केरोसीनच्या फडक्याने हलक्या हाताने पुसा, ग्राइंडर लावू नका. नंबर वाचता येतच नसेल तर गॅरेजमध्ये स्वतः ठोकून घेऊ नका, तसं केलं की चोरीच्या गाडीचा संशय येतो. आरटीओला अर्ज करून त्यांच्या परवानगीनेच नंबर पुन्हा पंच करून मिळतो, वेळ लागतो पण मार्ग तोच.

भाऊ, माझी इको आसा, पांढरी पाटी. होमस्टेच्या पावण्यांका कुडाळ स्टेशनावरसून आणूक जातंय, पैसे घेतंय. तेका पासिंग लागता काय?
— तारकर्लीचो एक वाचक

लागता. आणि नुसता पासिंग नाय, परमिटपण. पैसे घेऊन माणसं नेली की गाडी धंद्याची झाली, मग पांढऱ्या पाटीवर चालत नाही. पकडलं तर परमिट नसल्याचा दंड 10,000 रुपये, कैदेचीही तरतूद आहे. त्याहून वाईट म्हणजे अपघात झाला तर खाजगी इन्शुरन्स पावण्यांच्या क्लेमला उभा राहील याचा भरवसा नाही. गाडी ओरोसला ट्रान्सपोर्टमध्ये बदलून घ्या, म्हणजे पिवळी पाटी, टॅक्सीचा इन्शुरन्स, पॅनिक बटणासकट ट्रॅकिंग डिव्हाइस आणि फिटनेस. टॅक्सी म्हटली की स्पीड गव्हर्नरपण लागतो, म्हणजे वेग ठराविक मर्यादेपुढे जाऊ न देणारं यंत्र. साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन्स असलं तरी 7500 किलोपर्यंतची ट्रान्सपोर्ट गाडी चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2024 मध्ये पक्कं केलंय, मात्र पॅसेंजरसाठीचा बिल्ला वेगळा. खर्च होतो, मान्य. मे महिन्यात आणि डिसेंबरात जेवढ्या फेऱ्या तुम्ही मारत असाल त्यात तो निघेल.

पीयूसी आणि फिटनेस एकच ना?
— चिपळूणहून

नाही. पीयूसी म्हणजे फक्त धूर, आणि ती सगळ्यांनाच लागते, बाइकलापण. नवीन गाडीला पहिलं वर्ष सूट, मग बीएस-4 आणि बीएस-6 (धुराच्या नियमांचे नवे टप्पे) गाड्यांना वर्षाने, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिन्यांनी. नसली तर कायद्यात दंड 10,000 रुपयांपर्यंत आहे. जाताना इंजिन गरम असू द्या, पाच मिनिटांपूर्वी चालू केलेली डिझेल गाडी उगाच जास्त धूर दाखवते.

पासिंगला जाताना काचेवरचं ‘श्री देव रवळनाथ प्रसन्न’ काढायला लागेल का? आणि काळी फिल्म? आणि लिंबू-मिरची?
— सावंतवाडीहून, तिघा मित्रांचं एकत्र पत्र

फिल्म काढाच, सुप्रीम कोर्टाने 2012 मध्येच काचेवर फिल्म चिकटवायला बंदी घातलीय. कारखान्यातूनच रंगीत आलेली काच चालते, पुढच्या-मागच्या काचेतून 70 टक्के आणि बाजूच्या काचेतून 50 टक्के उजेड आत यायला हवा. देवाचं नाव पुढच्या काचेच्या मधोमध मोठ्या अक्षरांत असेल तर समोरचं दिसत नाही म्हणून अडवू शकतात, ते बॉडीवर घ्या. लिंबू-मिरची बंपरला खुशाल बांधा, नंबरपाटीच्या आड येऊ देऊ नका म्हणजे झालं.