हातांना मुंग्या येतात, मला लकवा होईल का?

"मॅडम, दोन्ही हातास्नी मुंग्या येत्यात. आमच्या आईचं अंगावरनं वारं गेलेलं. माझं बी तसंच हुणार का?"

निपाणी भागात हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. या मावशी पन्नाशीच्या, घरी विड्या वळणाऱ्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आईची भीती मनात इतकी बसलेली की रात्री उठून बोटं हलवून बघायच्या.

दोन्ही हातांना सारख्याच, हळूहळू वाढलेल्या मुंग्या बहुधा लकव्याच्या नसतात. मनगटात दबलेली नस, वाढलेली साखर, बी-१२ कमी असणं, अशी कारणं निघतात. तपासून मात्र घ्यायलाच हवं. लकवा येतो तो अचानक, आणि बहुतेकदा एका अंगाला. हसायला सांगितलं तर तोंड एका बाजूला ओढलं जातं. दोन्ही हात वर धरले तर एक खाली येतो. जीभ जड होते, किंवा माणूस भलतंच बोलतो. कधी एकाएकी दिसेनासं होतं, तोल जातो, नाहीतर कधी दुखलं नाही इतकं डोकं ठणकतं.

हे सांगत असताना मावशी सहज म्हणाल्या, "तसं परवा झालेलं की. कपबशी हातातनं सुटली, शब्दच फुटंना. पोरगं म्हटलं, उपाशी हाईस म्हणून चक्कर आली. घटकाभरात समदं उतरलं."

मी बोलणं तिथेच थांबवलं आणि त्यांना थेट डॉक्टरांकडे नेलं. रक्तदाब 190/110.

मुंग्यांनी त्यांची झोप उडवली होती आणि खरी धोक्याची खूण मात्र "उतरलं" म्हणून मागे पडली होती. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी थोडा वेळ अडकते आणि सुटते, तेव्हा असं होतं. त्यानंतरचे पहिले दोन दिवस सर्वांत जोखमीचे असतात. म्हणून लक्षणं गेली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मावशींना लगेच पुढे पाठवलं. स्कॅन, हृदयाचा ईसीजी, मानेच्या रक्तवाहिन्यांची तपासणी झाली, औषधं सुरू झाली.

रक्तदाबाची गोळी त्यांनी स्वतःच बंद केली होती. "एकदा लागली की जन्माची लागती म्हणं." ही समजूत घरोघरी आहे, आणि ती माणसं अंथरुणाला खिळवते. गोळी सोडल्याने रक्तदाब सुटत नाही, तो मुकाट वाढत राहतो. आईला लकवा झाला म्हणून लेकीचा धोका काहीसा वाढतो, हे खरं. पण रक्तदाब, साखर आणि तंबाखू यांचा वाटा मोठा, आणि तो आपल्या हातातला आहे. आईलाही रक्तदाब असावा. कधी मोजलाच नव्हता.

मुलाला मुद्दाम बोलावून घेतलं. लक्षण दिसलं की आधी घड्याळ बघ. शेवटचं धड कधी होती ते डॉक्टर विचारतील. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि तेही स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही असं दिसल्यावरच. म्हणून घरी अॅस्पिरिन द्यायची नाही. पाणी पाजायचं नाही, ठसका लागून फुप्फुसात जातं. तेल चोळत किंवा झाडपाल्याच्या औषधामागे वेळ घालवायचा नाही. 108 ला फोन करायचा.

"कोल्हापूर जवळ पडतंय, पण मामा बेळगावला," तो म्हणाला. हा घोळ आपल्या सीमाभागात ऐन वेळी अर्धा तास खातो. मी सांगितलं, नातेवाईक कुठे आहेत ते नंतर. रात्रीसुद्धा सीटी स्कॅन चालू असतो आणि हे इंजेक्शन मिळतं असा दवाखाना कुठला, ते आजच चौकशी करून नंबर लिहून ठेव.

मावशी आता गोळी नेमाने घेतात. जेवणातलं खारं लोणचं, पापड कमी केलंय. सकाळची तंबाखूची मिसरी अजून सुटलेली नाही. पुढच्या वेळी रक्तदाब मोजायला येतील तेव्हा तिच्याबद्दलच बोलायचं ठरलं आहे.