अकरा वाजताचे पार्ले

"मॅडम, शुगर उतरेल आणि वजन पण, असं एकच औषध कुठलं?" 2025 च्या मार्चमध्ये मौंजारो हे शुगर आणि वजन उतरवणारं इंजेक्शन भारतात आलं, तेव्हापासून हा प्रश्न माझ्याकडे दर आठवड्याला येतो. मी डॉक्टर नाही, औषध सुचवत नाही. पण विचारणारा माणूस नक्की काय विचारतोय, ते ऐकणं माझं काम.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम, असलेले एक काका (तपशील बदललेत). वय 54, दोन वर्षांत सात किलो वाढलेले. पुण्याच्या मेहुण्याचं इंजेक्शनवर वजन उतरलं होतं.

"मला पण तेच पाहिजे. डॉक्टर म्हणतात, तोंडावर ताबा ठेवा."

"आणि तुम्ही?"

"ठेवतो की!" एवढं बोलून गप्प.

तीन भेटी आम्ही भाकरी आणि शेंगाचटणीभोवतीच फिरलो. चौथ्या वेळी मी खाण्याचा विषयच सोडला, फक्त सकाळ तासातासाने सांगायला लावली. साडेसहाला चहाबरोबर शुगरची गोळी, सातला पाळी, डबा थेट एकला.

"मग अकरा वाजता काय होतं?"

बराच वेळ पंख्याचाच आवाज. मग म्हणाले, "हात थरथरतात. घाम फुटतो. मागावर पडलो तर? म्हणून पार्लेचा पुडा खातो. कधी दोन. डॉक्टरांना सांगितलं नाही, ते इन्सुलिनवर टाकतील."

हावरेपणा नव्हताच तो. भीती होती, आणि ती रास्त होती. त्यांची सकाळची गोळी म्हणजे ग्लिमेपिराइड. ते पोटात अन्न असो-नसो, शरीराला इन्सुलिन सोडायला लावतं. ही गोळी पोटभर नाश्त्याबरोबर घ्यायची असते, नुसत्या चहावर शुगर घसरू शकते. लोक खाण्यावर बोट ठेवतात, मी आधी भीती शोधते. इतक्या वर्षांत हे क्वचितच चुकलंय.

त्यांना मी एकच काम दिलं: हात थरथरतात, घाम फुटतो, हेच डॉक्टरांना सांगा. डॉक्टर रागावले नाहीत. ती गोळी कमी करून नाश्त्याला जोडली, मेटफॉर्मिन ठेवलं, डापाग्लिफ्लोझिन सुरू केलं.

म्हणून सांगते, औषधाचं नाव मागण्याआधी आपल्या गोळ्यांची आणि दुखण्यांची कुंडली मांडा. शुगरच्या गोळ्यांपैकी ग्लिमेपिराइड, पायोग्लिटाझोनने वजन वाढू शकतं. मेटफॉर्मिन, सिटाग्लिप्टिनने सहसा वाढत नाही. डापाग्लिफ्लोझिन साखर लघवीवाटे काढतं, दोन-तीन किलो उतरतात. पण लघवीच्या जागी खाज येऊ शकते आणि अंगातलं पाणी कमी होतं. सोलापूरच्या मे महिन्यात मागाच्या शेडमध्ये हे हसण्यावारी नेऊ नका. उलट्या-जुलाब असतील, उपास असेल, तर ही गोळी चालू ठेवायची का ते आधी विचारा. मौंजारोसारख्या आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनांनी वजन सर्वात जास्त उतरतं, हे खरंच. मळमळ होते, खर्च मोठा, आणि बंद केल्यावर बरंचसं वजन परत येतं. कुणाला स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल किंवा घरात थायरॉइडचा कॅन्सर असेल, तर ते लपवू नका. आणि मनाने कुठलीच गोळी बंद करू नका.

तीन महिन्यांत काकांचे चार किलो उतरले. इंजेक्शनचं ते अजून विचारतात. मी म्हणते, डॉक्टरांना विचारा. आता तुम्हाला त्यांच्याशी बोलता येतं.