सासूबाईंच्या जपाच्या वेळेला

प्रश्न : ताई, मी सिडकोत राहते, वय ४६. दोन खोल्यांत आम्ही पाच जण. यजमान सातपूरला शिफ्टमध्ये, मुलगा बारावीला. परवा लोणच्याच्या बरणीवरून सासूबाईंना नको ते बोलले आणि मग दिवसभर रडले. तासभर एकटं बसावंसं वाटतं, पण दार लोटलं की ‘काय बिनसलं?’ सुरू. (सासूबाई जपाला बसतात तेव्हा मात्र टीव्हीसुद्धा बंद असतो!) डोळे मिटले तर डोक्यात वाणसामानाची यादी. हा माझा स्वार्थ आहे का? इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिराला जाऊन येऊ का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : स्वार्थाचं उत्तर तुमच्याच कंसात आहे. सासूबाईंच्या हातात माळ आहे म्हणून तो जप, तुमचे हात रिकामे म्हणून तुमचं काहीतरी बिनसलेलं!

इगतपुरीला धम्मगिरीत मी दहा दिवस राहून आले आहे. पहाटे चारला घंटा, दिवसाकाठी दहाएक तास बसणं, फोन-वही-पुस्तक बंद, दहाव्या दिवसापर्यंत मौन. फी नाही, शिबिर संपल्यावर वाटलं तर दान. पहिले तीन दिवस नाकपुड्यांशी येता-जाता श्वास तेवढा बघायचा. मला श्वास कुठला दिसतोय! जाऊबाईंनी वीस वर्षांपूर्वी नेलेला आणि परत न दिलेला स्टीलचा डबा दिसला. त्या डब्यावरून मी दोन दिवस मनातल्या मनात कडाकडा भांडले. भांडता भांडता ध्यानात आलं, शब्द सुचायच्या आधी माझा जबडा आवळतो, कानशिलं तापतात. पन्नाशी उलटली तरी हे मला ठाऊक नव्हतं.

घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी यजमानांवर खेकसले. पण जबडा आवळलेला कळला आणि पुढचं वाक्य गिळलं. माझी कमाई तेवढीच.

तेव्हा यादी येते म्हणून खट्टू होऊ नका. तूरडाळ आठवली, आठवू दे. पुन्हा श्वासावर या. श्वास सावकाश, लांबवर सोडा. सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, ते आपसूकच होतं.

इगतपुरीला जायचं तर बारावीची परीक्षा आटोपल्यावर जा. सध्या पांडवलेणी तुम्हाला हाकेच्या अंतरावर आहेत. तिथल्या विहारात मधोमध मोठं दालन आणि कडेने भिक्खूंच्या खोल्या, आत दगडी ओटा, एक माणूस जेमतेम आडवा होईल इतका. दोन हजार वर्षांपूर्वी एकत्र राहणाऱ्यांनीसुद्धा ज्याचा त्याचा ओटा कोरून घेतला होता.

तुमचा ओटा म्हणजे सासूबाईंच्या जपाची वेळ. ‘आई, उद्यापासून मीही तुमच्याजवळ बसते’ एवढंच सांगा आणि भिंतीला टेकून पंधरा मिनिटं बसा. टीव्ही बंद असतोच, शिवाय जपाला बसलेल्या बाईला कुणी काही विचारत नाही. लबाडी आहे थोडी, पण चालेल.

एक मात्र बजावते. झोप उडाली असेल, आठवडेच्या आठवडे विनाकारण रडू येत असेल, तर आधी डॉक्टर गाठा. शिबिराच्या अर्जातही मानसिक आजाराबद्दल विचारतात, ते उगाच नाही.

आणि हो, बरणी फुटली की वाचली, ते लिहायचं राहिलं तुमचं.