ठाण्यात गाड्या डावीकडून, दुबईत उजवीकडून, असं का?

घोडबंदर रोडवर आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो ते ब्रिटिशांमुळे. त्यांच्याकडे १८३५ च्या कायद्याने डावी बाजू पक्की झाली आणि बहुतेक वसाहतींत तीच रुजली. फ्रान्सने उजवी पसरवली.

पण मला शेजाऱ्यांचा प्रभाव जास्त रंजक वाटतो. पोर्तुगाल १९२८ मध्ये उजवीकडे गेला, आपला गोवा मात्र डावीकडेच राहिला, कारण भोवती सगळा ब्रिटिश हिंदुस्थान! स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ ला पहाटे डावी सोडून उजवी बाजू धरली, कारण शेजारचे नॉर्वे, फिनलंड उजवीकडचेच होते. सामोआ २००९ मध्ये उलट डावीकडे आला, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या स्वस्त वापरलेल्या गाड्या आणता याव्यात म्हणून.

दुबईला जात असाल तर रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघा. ठाण्याच्या सवयीने मान उजवीकडे वळते, तेव्हा खरंच जपून.