खंबाटकीत तापलेली सँट्रो: दुरुस्त करू की विकू?

प्रश्न : काका, आमची 2012ची सँट्रो झिंग, पेट्रोल, सव्वा लाख किलोमीटर झालेली. मे महिन्यात पुण्याहून येताना खंबाटकी घाट चढत होतो, एसी चालू होता, काटा लाल रेघेला टेकला. थांबायला जागा दिसेना म्हणून वरपर्यंत रेटली, तर बॉनेटमधून वाफ. आता गाडी सुरू होते, पण सकाळी थरथरते, पांढरा धूर सोडते. पाणी रोज कमी होतं, खाली मात्र थेंब नाही. एक गॅरेजवाला हाफ इंजिनचे 55 हजार सांगतो, दुसरा हेड उतरवून गॅस्केट आणि फेसिंग 17 हजारांत म्हणतो. एजंट आहे तशी 50 हजारांना मागतोय. काय करू?
– एक शिक्षिका, कराड

उत्तर : ताई, हे दोन भाव एकाच कामाचे नाहीत, त्यामुळे त्यांची तुलना करू नका. हाफ इंजिन म्हणजे सिलिंडर, पिस्टन, रिंगा असलेल्या खालच्या भागाचं, म्हणजे ब्लॉकचं काम. 55 हजारवाल्याने न उघडताच खालचं इंजिन गेलं असं धरलंय. हेड म्हणजे ब्लॉकवर बसणारा वरचा भाग, गॅस्केट म्हणजे त्या दोघांमधलं सील, फेसिंग म्हणजे वाकडं झालेलं हेड घासून सपाट करणं. 17 हजारवाल्याने ते शाबूत आहे असं धरलंय. बघितलं दोघांनीही नाही.

तुम्ही सांगता त्यावरून हेड गॅस्केट गेलंय, याबद्दल मला फारशी शंका नाही. रात्रभर पाणी सिलिंडरमध्ये झिरपतं, सकाळी तो सिलिंडर नीट पेटत नाही आणि धूर पांढरा येतो. तुमच्या गाडीत ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून आधी वाकडं होतं ते हेड. ब्लॉक बऱ्याचदा वाचतो. तुमच्या बाजूने असलेली मोठी गोष्ट हीच.

आता एक आठवून बघा. लाल रेघेला गेलेला काटा मधेच अचानक खाली आला होता का? आला असेल तर ते चांगलं लक्षण नव्हे. पाणी संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं बोलतो. तशी गाडी चढावर रेटली असेल तर पिस्टन-रिंगांना मार बसलेला असू शकतो.

हेड उतरवण्याआधी तुमच्यासमोर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधल्या दाबाचं मोजमाप, करायला सांगा. चारही सिलिंडरांचे आकडे लिहून घ्या. आपसात दाबात एक किलोपेक्षा जास्त फरक नको. शेजारशेजारचे दोन पडले असतील तर गॅस्केट त्या दोघांच्या मधेच फुटलंय. पडलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर रिंगा गेल्यात, तसाच राहिला तर दोष वर आहे. ऑइलची काडीही बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर गाडी अजिबात सुरू करू नका, बेअरिंग खाल्ली जातील. (नुसत्या झाकणाखालच्या पांढऱ्या थराला घाबरू नका, पावसाळ्यात जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांना तो येतोच.)

आकडे बरे आले तर माझं मत स्पष्ट आहे : हेडचं काम करा. लेथवर हेड आधी प्रेशर टाकून तडा आहे का ते तपासून घ्या, मगच फेसिंग. तडा गेलेल्या हेडला फेसिंग करणं म्हणजे पैसे वाया. टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप याच खेपेला बदला, मजुरी वाचते. आणि मुळात तापली का, हे शोधल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. एसी लावून चढावर तापली म्हणजे माझा पहिला संशय रेडिएटरच्या पंख्यावर, नाहीतर चोंदलेल्या रेडिएटरवर. कोणी थर्मोस्टॅट (इंजिनातल्या पाण्याचं तापमान सांभाळणारा वॉल्व्ह) काढून टाकू म्हणाला तर नको म्हणा. गळतीवर रेडिएटरमध्ये हळद टाकणारेही भेटतील. पूर्वी ट्रकवाले वाटेत अडकले की टाकायचे. तुम्ही अडकलेल्या नाही.

हाफ इंजिनच्या भानगडीत मात्र मी पडणार नाही. 2027ला गाडीची पंधरा वर्षं भरतील, पुन्हा पासिंग करावं लागेल. 2022पासून नोंदणीच्या नूतनीकरणाचं शुल्कच पाच हजार झालंय, शिवाय पत्रा आणि टायर पासिंगजोगे हवेत. खालून पत्रा सडला असेल तर 17 हजारही घालू नका.

गॅरेजवाल्याशी आधीच ठरवा : हेड उतरवल्यावर फोन करायचा, पुढचं काम विचारल्याशिवाय नाही. स्वतः जा आणि सिलिंडरच्या भिंतीवरून नख फिरवा. नख ओरखड्यात अडकलं तर तिथेच थांबा, उतरवण्याची मजुरी द्या आणि एजंटला बोलवा. हेड डिकीत ठेवून गाडी विकली तर भाव थोडा पडेल, पण 55 हजार तरी वाचतील.